नंबर काय, ते आधी सांग

बिस्किटांचे पत्र्याचे चार डबे आणि बुटांचं एक खोकं, एवढाच ऐवज. शेजारचं घर रिकामं होत होतं. आजोबांचा मुलगा कॅनडाहून आठवड्याची रजा काढून आला होता. दारात कचऱ्यासाठी भाड्याचा लोखंडी कंटेनर उभा होता, त्यात जुनी गादी, गवत कापायचं मोडकं यंत्र, कार्पेटच्या गुंडाळ्या असं एकेक पडत होतं. मी चहा घेऊन गेले तेव्हा हे डबे कंटेनरच्या कडेवर ठेवलेले दिसले. यात काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाबांच्या रेल्वेच्या निगेटिव्ह. आता कोण बघणार?"

त्याचंही चूक नव्हतं. खुद्द आजोबांनाच त्या बघता येत नव्हत्या. वय ८५, दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध झिजलेले. समोर बघितलं की मध्ये काळा डाग आणि कडेकडेनं थोडं धूसर दिसतं, असं ते सांगायचे. त्या आठवड्यात ते केअर होममध्ये राहायला जाणार होते आणि तिथल्या खोलीत दोन सुटकेसपलीकडे काही न्यायची सोय नव्हती.

त्यांना आजोबा म्हणायला माझ्या मुलीनं सुरुवात केली, अगदी मराठीतच, तीन वर्षांची असताना. त्यांनीही 'अजोबा' असा उच्चार करून ते नाव घेऊन टाकलं. लीड्समध्ये येऊन मला १९ वर्षं झाली, त्यातली १६ त्यांच्या कुंपणाला लागून गेली. तरी त्या डब्यांबद्दल मला काही माहीत नव्हतं. मी ते उचलून घरी आणले. नवरा म्हणाला, दुसऱ्याचं भंगार आणायची तुला कुर्डुवाडीपासूनची सवय आहे.

ते खरं आहे. मी कुर्डुवाडीची. वडील नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. घरात खिळे, वायसर, पितळेचे कॉक असलं काहीबाही यायचंच. गाडी आमच्या अंगणातलीच. पण स्टेशनावर उभं राहून इंजिनाचे नंबर वहीत उतरवायचे, हा छंद होऊ शकतो हे मला इंग्लंडला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. इथेही त्याची थट्टाच होते. थंडीत जाड कोट घालून, थर्मास घेऊन फलाटाच्या टोकाला उभा असलेला माणूस म्हणजे ट्रेनस्पॉटर, आणि ट्रेनस्पॉटर म्हणजे बायको न मिळालेला माणूस, असा सरसकट हिशेब.

बुटांच्या खोक्यात निगेटिव्ह नव्हत्याच. त्यात सहा वह्या आणि पाच-सहा खिळखिळी पुस्तकं होती. खिशात मावतील अशी, आत नुसते नंबर, रांगेनं. शेकडो नंबरांखाली पट्टी ठेवून शाईनं रेघ मारलेली. काहीच कळेना, म्हणून पहिल्याच रविवारी ती घेऊन मी केअर होमवर गेले आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "एबीसी."

इयान ॲलन नावाचा एक तरुण सदर्न रेल्वेच्या वॉटर्लूच्या कचेरीत कामाला होता. इंजिनांची माहिती विचारणारी पत्रं यायची, त्यांना उत्तरं देऊन तो कंटाळला. मग त्यानं १९४२ साली सगळ्या इंजिनांची यादीच छापून काढली, किंमत एक शिलिंग. ऐन युद्धात ती हातोहात संपली. पुढे प्रत्येक रेल्वेची निघाली आणि १९४८ मध्ये रेल्वे सरकारी झाल्यावर तर देशातल्या पोरांना दुसरा उद्योगच राहिला नाही. रेल्वेनं नंबरांची घडी बसवून दिली होती: दक्षिणेची इंजिनं तीस हजारांपासून पुढे, लंडन-मिडलंडची चाळीस हजारांपासून, ईशान्येची साठ हजारांपासून. ग्रेट वेस्टर्नवाल्यांचे जुनेच नंबर राहिले, कारण त्यांच्या पितळी नंबरपाट्या ओतीव होत्या. एखादं इंजिन डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकात त्या नंबराखाली रेघ मारायची. न पाहता मारायची नाही. "कोणी बघत नव्हतं, तरी मारायची नाही," आजोबा म्हणाले. त्यांच्या वर्गातल्या एकानं खोटी रेघ मारली, तर शाळा सुटेपर्यंत त्याच्याशी कोणी धड बोललं नाही.

मग मी स्कॅनिंगला बसले.

इथे सांगायला हवं की मला यातलं काहीही येत नव्हतं. एक जुना फ्लॅटबेड स्कॅनर विकत घेतला, झाकणात दिवा असलेला, म्हणजे फिल्ममधून आरपार प्रकाश जातो. डबे उघडले तर तिसऱ्यातून व्हिनेगरचा भपकारा आला. जुनी ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की असा वास सुटतो, आणि त्या वाफेनं शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागण होते. नासका आंबा आढीतून काढावा तसा तो डबा वेगळा काढला आणि त्याचंच काम आधी घेतलं. फिल्म वाळक्या पानासारखी वळलेली. ती सरळ करायला काचेखाली दाबली तर स्कॅनमध्ये पाण्यावर तेल पडल्यासारखी इंद्रधनुषी वर्तुळं उमटली. फिल्म काचेला नको तिथे चिकटली की ती येतात. मग चौकट करून काचेपासून केसभर वर ठेवायची युक्ती सापडली.

धूळ हा दुसरा छळ. स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढायची सोय असते, ती अवरक्त किरणांवर चालते. रंगीत फिल्ममधून ते किरण आरपार जातात आणि फक्त धूळ अडते, म्हणून यंत्राला धूळ कुठली ते कळतं. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीच्या कणांचं, तेही किरण अडवतं, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजतं. पहिल्या रात्री मी ते बटण दाबलं आणि एका इंजिनाचं धुराडं पुसून निघालं. तेव्हापासून फुंकणी, मऊ ब्रश आणि स्वतःचे डोळे. एका फ्रेमला सात-आठ मिनिटं. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर दहा-बारा फ्रेम व्हायच्या. एकूण निघाल्या ६४०, शिवाय पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या दीडशे कोडाक्रोम स्लाइड. त्या रंगांबद्दल काय सांगू! साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा हिरवा रंग, कालच लावल्यासारखा.

निगेटिव्हच्या पाकिटांवर पेन्सिलीनं काही लिहिलेलं असायचं, पण निम्म्यांवर काहीच नाही. म्हणजे कुठलं ठिकाण, कुठलं साल, ते आजोबांनाच विचारायचं. आणि आजोबांना तर दिसत नव्हतं. तेव्हा दर रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत बसायचं आणि मी एकेक फोटो शब्दांत सांगायचा, असं ठरलं.

पहिला फोटो मी असा सांगितला: "एक काळं इंजिन आहे. खूप धूर निघतोय. मागे डबे आहेत. आभाळ ढगाळ आहे."

ते गप्प. मग म्हणाले, "इंग्लंडातलं आभाळ ढगाळ असतं आणि इंजिनं काळी असतात. नंबर काय, ते आधी सांग."

मला तीन रविवार लागले नीट सांगायला शिकण्यासाठी. नंबर दिसत असेल तर नंबर. मग पुढच्या बाजूला दिवे कुठे आहेत: दोन्ही बफरांच्या वर एकेक असेल तर एक्सप्रेस, धुराड्याच्या पायाशी एकच असेल तर साधी पॅसेंजर. मग धुराड्याखालच्या गोल दारावर खाली लहानशी अंडाकार पाटी असते, तिच्यावर शेडचा, म्हणजे इंजिन मुक्कामाला असतं त्या आगाराचा, क्रमांक. लीड्सच्या होल्बेक शेडचा २०ए होता, १९५७ मध्ये तो ५५ए झाला. एवढ्या एका आकड्यानं साल अलीकडचं की पलीकडचं ते ठरतं. मग टेंडरवरचं, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावरचं, चिन्ह: एकचाकी सायकलवर बसल्यासारखा सिंह असेल तर जुना रंग, आणि मुकुटातून वर आलेला सिंह हातात चाक धरून असेल तर १९५६ नंतरचा. या दुसऱ्या चिन्हाला पोरं म्हणायची 'डार्टबोर्ड धरलेलं फेरेट'. फेरेट म्हणजे आपल्या मुंगसाच्या वळणाचा प्राणी. आजोबांना मुंगूस शब्द फार आवडला, पुढे ते तोच वापरायला लागले. "सिंह आहे की मंगूस?" असं विचारायचे आणि खोली साफ करायला आलेली बाई थबकून बघायची.

एकदा मी सांगत होते, "वळण आहे, दोन रूळ, गाडी आपल्याकडे येतेय."

"कुठल्या रुळावरून?"

"डावीकडच्या."

"कुणाच्या डावीकडच्या? तुझ्या?"

"हो, माझ्या. फोटोत डावीकडे."

ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे ती गाडी चुकीच्या रुळावरून धावतेय आणि मी तिचा फोटो काढून ते विसरलोय. किंवा तू फिल्म उलटी घातलीस."

मी उलटी घातली होती. फिल्मची एक बाजू चमकते, दुसरी मंद असते. त्या संध्याकाळच्या चार पट्ट्या मी पालथ्या ठेवल्या होत्या. इथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या रुळानं धावतात, म्हणजे समोरून येणारी गाडी बघणाऱ्याच्या उजवीकडे दिसायला हवी. नंबर धुरात गेलेला, स्टेशनाची पाटी नाही, म्हणून मला काही खटकलं नव्हतं. दिसत नसलेल्या माणसानं ते पकडलं. २४ फ्रेम पुन्हा केल्या.

त्यांचे सुरुवातीचे फोटो खरं सांगायचं तर वाईट आहेत. वडिलांचा बॉक्स कॅमेरा होता, त्याचं झाकण इतकं सावकाश उघडायचं-मिटायचं की धावती गाडी म्हणजे नुसता करडा फराटा. म्हणून १९५५ पर्यंतचे सगळे फोटो उभ्या इंजिनांचे, आणि बहुतेक होल्बेक शेडमधले. शेडमध्ये जायला परवाना लागायचा, पोरांना तो कुठला मिळायला? रविवारी फोरमन जेवायला गेला की भिंतीलगत वाकून आत शिरायचं. याला ते 'बंक मारणं' म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे शाळेला दांडी मारण्यालाही बंकच म्हणतात. होल्बेकला गोल शेडी होत्या, मधोमध फिरतं चक्र आणि भोवती दाटीनं उभी इंजिनं. त्या अंधारात बॉक्स कॅमेऱ्यात काय येणार? पण एका फ्रेममध्ये छताच्या फुटक्या काचेतून एक तिरीप आली आहे, ती एका इंजिनाच्या चाकावर पडली आहे, आणि चाकाच्या आऱ्यांत एक मांजर बसलंय. मी मांजराचं सांगितलं. ते म्हणाले, मांजर आठवत नाही, नंबर सांग. नंबर दिसत नव्हता. त्यांनी तो फोटो बाद केला. मी बाद केलेला नाही.

पाचव्या का सहाव्या रविवारी वीसेक स्लाइडचा एक गठ्ठा होता. डोंगर, दगडी कुंपणं, मेंढ्या, आणि चढ चढणारं एक इंजिन. मी आता सराईत झाले होते. "पुढे दोन दिवे, एक्सप्रेस. शेड ५५ए. टेंडर दिसत नाही. ड्रायव्हरच्या खोलीच्या बाजूला पत्र्यावर पिवळा तिरपा पट्टा आहे."

"मग सप्टेंबर १९६४ नंतरचा," ते म्हणाले. क्रू स्टेशनाच्या दक्षिणेला विजेच्या तारा आल्या, तेव्हा उंच इंजिनांना त्यांच्याखाली जायची बंदी झाली. कोणी चुकून नेऊ नये म्हणून तो पट्टा मारलेला. "नंबर?"

"४५५९३. नावाची पाटी वाफेत बुडालीये."

ते हसले. "पुस्तकात बघ."

खोक्यातलं पुस्तक काढलं. ४५५९३, खाली रेघ, आणि पुढे नाव: कोल्हापूर.

मी दोनदा वाचलं. माझं आजोळ कोल्हापूरचं, शाहूपुरीतलं. यॉर्कशरच्या डोंगरात मेंढ्यांच्या मधून कोल्हापूर वाफ सोडत चाललंय, आणि ते बघायला हा माणूस दर शनिवारी सेटलला जात होता. पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला १९३५ मध्ये २५ वर्षं झाली, त्या निमित्तानं या वर्गाला 'ज्युबिली' नाव मिळालं. एकूण १९१ इंजिनं. त्यांना नावं द्यायला साम्राज्याचा नकाशाच उघडलेला दिसतो: बॉम्बे, मद्रास, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर, भोपाळ. कुणाच्या मालकीचं काय काय आहे त्याचा सातबारा लिहून रुळांवर सोडावा तसं. त्याचा थोडा राग आलाच. पण आजोबा सांगत होते की त्यांना शाळेत भूगोलात एवढ्या एकाच प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले: भारतातली शहरं सांगा. गुरुजी चकित झाले होते, या पोराला उदयपूर कुठून माहीत!

हे कोल्हापूर ग्लासगोला नॉर्थ ब्रिटिशच्या कारखान्यात १९३४ च्या शेवटी तयार झालं आणि शेवटची दोन-अडीच वर्षं होल्बेकला होतं. १९६७ च्या उन्हाळ्यात सेटल-कार्लाइल मार्गावर शनिवारच्या जादा गाड्या ओढायला उरलेल्या शेवटच्या ज्युबिलींपैकी ते एक. देशभरातून लोक त्यांच्यासाठी यायचे. त्याच शरदात होल्बेकमधून वाफ गेली. कोल्हापूर मात्र भंगारात गेलं नाही, बर्मिंगहॅमच्या टाइझलीला जपून ठेवलंय. मी अजून गेले नाही. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "अंबाबाईची कृपा. डबे स्वच्छ दिसतायत."

वाफेचा शेवटचा दिवस ११ ऑगस्ट १९६८. रेल्वेनं निरोपाची एक खास गाडी काढली, तिकीट १५ गिनी, म्हणून तिचं नावच 'फिफ्टीन गिनी स्पेशल' पडलं. लिव्हरपूलहून मँचेस्टर, तिथून कार्लाइल आणि परत. मँचेस्टर ते कार्लाइल ७००१३ 'ऑलिव्हर क्रॉमवेल' जोडलेलं. आजोबा मोटारसायकलवरून एस गिलला गेले, ११६९ फुटांवरची खिंड, त्या मार्गावरचा सगळ्यात उंच माथा. रस्त्यावर मोटारींची अशी दाटी की शेवटचे दोन मैल चालत. चांगली जागा मिळाली नाही. गाडी आली तेव्हा पुढचे सगळे उठून उभे राहिले.

त्या फोटोत इंजिन नाहीच. सत्तावीस पाठी आहेत, मी मोजल्या. बापाच्या खांद्यावर एक पोर, एका मोटारीच्या टपावर आडवा पडलेला एक माणूस, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून धुराचा एक लांब पांढरा पट्टा. ते म्हणाले, हा वाया गेलेला. १३ वर्षं कॅमेरा सांभाळला आणि शेवटच्या गाडीला लोकांच्या पाठी मिळाल्या. मी म्हटलं, मला हा सगळ्यात आवडला. "तुला मांजरही आवडलं होतं," ते म्हणाले.

याच सुमाराला मला एक गोष्ट डाचायला लागली. ६४० निगेटिव्ह, दीडशे स्लाइड, सहा वह्या. वेळ आहे, हवा आहे, दिवे आहेत, गाडी किती मिनिटं उशिरा आली तेही आहे. ड्रायव्हरचं नाव एकही नाही. खिडकीतून वाकून बघणारे, तोंडाला काजळी लागलेले, कॅमेऱ्याकडे बघून हात उंचावणारे कितीतरी फायरमन या फोटोंत आहेत आणि एकाचंही नाव नाही. मी कामगाराची मुलगी, मला ते लागलं. जरा फणकाऱ्यानंच विचारलं, तुम्ही कुणाशी बोलत नव्हतात का?

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आम्हाला त्यांची भीती वाटायची. ते मोठे होते, आम्ही बिनतिकिटाचे. मग त्यांनी एरिक ट्रेसींची गोष्ट सांगितली. हे ख्रिस्ती धर्मगुरू, त्या वेळी हॅलिफॅक्सचे आर्चडीकन, पुढे वेकफील्डचे बिशप झाले. रेल्वेचे फोटो काढण्यात त्यांच्यासारखा माणूस नाही. होल्बेकच्या माणसांत ते बसायचे, त्यांची ओळख अशी की डोंगरातल्या वळणावर बिशप उभे असतील तर ड्रायव्हर मुद्दाम धूर काढून द्यायचा. "आम्ही म्हणायचो, त्यांच्याकडे चांगला कॅमेरा आहे म्हणून फोटो चांगले येतात." ट्रेसी १३ मे १९७८ रोजी ॲपलबी स्टेशनाच्या फलाटावर वारले, वाफेच्या गाडीची वाट बघताना. तिथे त्यांची पाटी आहे.

मी उगाच बोलले असं वाटलं. विषय बदलायला म्हणून म्हटलं, आमच्या गावी छोटी गाडी होती, अडीच फुटी रुळांची. त्यांनी गाव विचारलं. कुर्डुवाडी नाव त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं, म्हणून म्हटलं, बार्शी लाईट.

"बार्सी!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्या खोलीतल्या आजीबाईंनी दार उघडलं. "कॅलथ्रॉपची?"

एव्हरार्ड कॅलथ्रॉप. मी लहानपणी वडिलांच्या तोंडून हे नाव 'कालट्रप साहेब' असं ऐकलं होतं, मला वाटायचं वर्कशॉपमधला कोणी जुना साहेब असेल. या इंजिनिअरनं बार्शी लाईट उभी केली, १८९७ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. स्वस्त, अरुंद आणि तरी जड माल ओढणारी रेल्वे कशी बांधावी याचा तो नमुना होता. आणि गाड्या बार्शीला धाडण्याआधी त्यानं त्यांचं प्रात्यक्षिक कुठे दाखवलं? लीड्सजवळ न्यूलेला, मुद्दाम रूळ टाकून. इंजिनं बनली तीही लीड्सच्या हन्स्लेटमध्ये, कीटसनच्या कारखान्यात. नंतर त्याच कॅलथ्रॉपच्या सल्ल्यानं स्टॅफर्डशरमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात तशीच रेल्वे झाली, रूळ अडीच फुटी, इंजिनं कीटसनची, पुढे हा एवढा मोठा दिवा. इंग्लंडातल्या दरीला असला दिवा कशाला हवा? पण घडण बार्शीची होती. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली, आजोबांच्या जन्माच्याही आधी. त्यांनी तिची फक्त चित्रं पाहिली होती.

मी पुढच्याच शनिवारी न्यूलेला गेले, माझ्या घरापासून बसनं वीस मिनिटं. कालवा आहे, नदीवर जुना लोखंडी पूल आहे, कुत्री फिरवणारी माणसं आहेत. रुळांचं काही नाही. तिथे उभं राहून डबा उघडून दशमी खाल्ली आणि परत आले.

रविवारी आजोबा तयारच होते. "बार्सीचा फोटो आण."

फोटो नाही. एकही नाही. आमच्या घरी कॅमेरा नव्हता, आणि स्टेशनात फोटो काढायला बंदीच असायची. आता ती सगळी लाईन ब्रॉडगेज झाली.

"मग सांग," ते म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसले.

आषाढीची गाडी सांगितली. डब्यांच्या टपावर माणसं, दारांत माणसं, दोन डब्यांच्या मधल्या जोडावर पाय ठेवून माणसं. गाडी एवढी हळू की टपावरच्या एकाची टोपी पडली तर तो उतरून घेऊन पुढच्या डब्यावर चढला. शिटी बारीक, चिडक्या म्हातारीसारखी. उसाच्या मळ्यातून जाताना ठिणग्या उडायच्या म्हणून मळेवाले ओरडायचे. वडील फाटकापाशी सायकल धरून उभे, गाडीचा आवाज ऐकतायत.

"नंबर काय?"

मला माहीत नव्हता. रोज बघितलेल्या इंजिनाचा नंबर मी कधी वाचलाच नव्हता. ड्रायव्हरकाकांच्या चारही मुलींची नावं आजही सांगेन. आजोबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला, बघत राहिले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

तिथूनच कुर्डुवाडीला फोन लावला. वडील आता ८७ वर्षांचे. झोपेतून उठवलं होतं, रात्रीचे साडेआठ झाले होते तिकडे. विचारलं, बाबा, आपल्या पंढरपूरच्या गाडीच्या इंजिनाचा नंबर काय होता?

"नंबर?" बाबा म्हणाले. "नंबर हापिसात असायचे. कुठली म्हणतेस तू? डाव्या सिलिंडरला वाफ गळायची ती, का भोंगा वाजला की अडकून बसायचा ती? का ती लंगडी, चढाला वाळू टाकावी लागायची?"

मी फोन स्पीकरवर टाकून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. लंगडीला काय झालं होतं, गळती कशानं थांबवायचे, ताग कुठे भरायचे, भोंग्याच्या वायसरचं काय करायचे. बाबा पाऊण तास बोलले. आजोबा मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, तेही मी मराठीत करून देत होते. कुणीच कुणाला नाव विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर त्यांनी सहावी वही मागितली, शेवटची. शेवटची नोंद ११ ऑगस्ट १९६८, ७००१३, आणि खाली पानं कोरी. "लिही," म्हणाले. मी पेन्सिलीनं लिहिलं: डावा सिलिंडर गळणारी. कुर्डुवाडी, आषाढी, १९७६. मराठीतच लिहिलं.

"पाहिलीस ना स्वतःच्या डोळ्यांनी?"

"पाहिली."

"पट्टी ड्रॉवरमध्ये आहे."

मी पट्टी काढली, नोंदीखाली ठेवली आणि शाईनं रेघ ओढली.

"मारलीस?"

"मारली."